रॅचेटचे दाते: ३६, ७२ की १२०? आकडा वाढला की काम खरंच सोपं होतं का?

सूतभर
तीन सुती (३/८ इंची) चौकोनाचा नवा रॅचेट घ्यायचा आहे (मागे-पुढे झोके देत नट फिरवणारा दातेरी पाना; गोटी म्हणजे सॉकेट त्याच्या चौकोनावर बसते). सध्याचा ३६ दात्यांचा आहे आणि आतली खिटी (दात्यांत अडकणारा तुकडा) झिजल्यामुळे जोर दिला की सटकतो. नवीन बघायला गेलं की सगळीकडे पहिला आकडा दात्यांचाच: ७२, ८४, ९०, १२०. हिशेब सोपा आहे, ३६० भागिले दाते. २४ दात्यांना १५ अंश, ३६ ला १०, ७२ ला ५, ९० ला ४, १२० ला ३. पण ७२ वरून १२० वर गेलं तर मिळतात फक्त २ अंश. हे २ अंश हाताला जाणवतात का? आणि बारीक दाते लवकर तुटत नाहीत का?

काम मुख्यतः इंजिनाच्या आजूबाजूच्या अडचणीच्या जागांतलं. नट ८ ते १७ मिमी, बऱ्याचदा मध्ये एक्स्टेन्शन रॉड लावूनच.

लांबदांडी
७२ घ्या. विषय संपला.

गोटीवाला
लांबदांडी, इतक्यात नका संपवू.

अंशांत बोलण्यापेक्षा दांडीच्या टोकाला हात किती सरकतो ते बघू या, कारण अडचणीच्या जागेत आपण अंश मोजत नाही, भिंतीला मूठ लागते की नाही ते बघतो. २०० मिमी लांबीच्या दांडीला एक दाता पकडायला टोकाशी साधारण एवढी हालचाल लागते: २४ दाते ५२ मिमी, ३६ दाते ३५ मिमी, ७२ दाते १७.५ मिमी, ९० दाते १४ मिमी, १२० दाते १०.५ मिमी.

म्हणजे २४ वरून ७२ वर आलात की साडेतीन सेंटिमीटर वाचतात. हा फरक डोळे मिटूनही कळेल. ७२ वरून १२० ला वाचतात ७ मिलिमीटर.

तुलनेसाठी साधे पाने घ्या. बारा कोनी रिंग पान्याला पुढची पकड घ्यायला ३० अंश फिरवावं लागतं. तोंडाच्या फिक्स पान्याला तोंड १५ अंश तिरकं असतं, त्यामुळे पाना उलटापालटा करत गेलं तर तोही ३० अंशात भागतो. त्या मानाने २४ दात्यांचा रॅचेटसुद्धा दुप्पट चपळ आहे. मोकळ्या जागेत २४ आणि १२० मध्ये काहीही फरक नाही, हे आधी मान्य करून पुढे बोलू.

मोजमाप
गोटीवाला यांचे आकडे बरोबर आहेत, पण ते फक्त रॅचेटच्या डोक्याचे आहेत. नटापर्यंत पोचेस्तोवर मध्ये जो प्ले (सैलपणा) असतो तो त्यात धरलेला नाही. तो मांडून दाखवते.

१३ मिमीचा नट प्रत्यक्षात नेमका १३.०० नसतो, थोडा कमीच असतो. समजा नट १२.८ आणि गोटी आतून १३.१. फरक ०.३ मिमी. भूमितीने काढलं तर गोटी मधल्या स्थितीपासून दोन्ही बाजूंना साधारण २.४ अंश मोकळी फिरते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ ५ अंश. म्हणजे नटावरच्या गोटीचा नुसता प्ले ७२ दात्यांच्या एका दात्याएवढा!

आता चौकोन. ९.५ मिमीचा चौकोन आणि गोटीच्या भोकात ०.१५ मिमी सैलपणा असेल तर प्ले साधारण १.८ अंश. चौकोनाचे कोपरे गोल झाले असतील तर त्याहून जास्त. एक्स्टेन्शन लावला की असा आणखी एक सांधा वाढतो, युनिव्हर्सल जॉइंट (वाकणारा सांधा) लावला की अजून एक.

म्हणजे एक्स्टेन्शनशिवाय नटावर प्रत्यक्ष एक दाता मिळवायला लागणारा वाव असा होतो: ३६ दाते १७ अंश, ७२ दाते १२, ९० दाते ११, १२० दाते १०. ३६ वरून ७२ ला ५ अंशांची बचत, ती ठसठशीत. ७२ वरून १२० ला १२ चे १० होतात. खोक्यावर दाते १२० लिहिलेले दिसतात, म्हणून काम ७२ च्या पावणेदोनपट सोपं होईल असं वाटतं. तसं होत नाही.

सूतभर
मोजमाप, हे छानच. म्हणजे रॅचेटवर जास्त खर्च करण्यापेक्षा घट्ट बसणाऱ्या गोट्या घेतल्या तर तेवढाच फायदा?

मोजमाप
सहाकोनी, मापाला नेमकी बसणारी गोटी घेतलीत तर १-२ अंश तिथेच परत मिळतात आणि नटाचे कोपरेही वाचतात. झिजलेल्या गोटीवर १२० दात्यांचा रॅचेट लावून काही हाती लागत नाही.

उलटखिटी
थोडं असहमत. तुमच्या हिशेबात एक गोष्ट राहून गेली. वाव ठरलेला असतो आणि दाते पूर्णच मोजले जातात, अर्धा दाता मिळत नाही.

समजा जागा अशी आहे की दांडी एकूण १६ अंशच हलते. त्यातले ७ अंश प्लेमध्ये गेले (तुमचाच आकडा, ५ अधिक साधारण २). कामाचे उरले ९.

३६ दाते: एक दाताही मिळत नाही. रॅचेट टक् करतच नाही आणि नट जागचा हलत नाही.
७२ दाते: ९ अंशांत एकच दाता, ५ अंश. उरलेले ४ अंश वाया.
९० दाते: दोन दाते, ८ अंश.
१२० दाते: तीन दाते, ९ अंश.

एक फेरा पूर्ण करायला ७२ ला ७२ झोके लागतील, ९० ला ४५, १२० ला ४०. म्हणजे या विशिष्ट जागेत ७२ ऐवजी ९० घेतला तर मेहनत तिसऱ्या हिश्शाने कमी. अगदी उलट उदाहरणही देता येतं. कामाचा वाव १० अंश मिळाला तर ७२ ला पूर्ण दोन दाते, १० अंश. ९० ला दोनच दाते, ८ अंश. तिथे ७२ जिंकला! म्हणून सरसकट "७२ च्या पुढे फरक नाही" हेही खरं नाही आणि "जास्त तेवढं बरं" हेही नाही. दाते बारीक असले की वाया जाणारा तुकडा लहान राहतो एवढंच खात्रीने म्हणता येतं.

गोटीवाला
वा! हा मुद्दा पहिल्यांदाच कोणी इतका स्वच्छ मांडलेला वाचला.

घर्षण
दोघांचंही गणित बरोबर, पण मोजमाप यांनी ५ आणि २ अंशांचा प्ले प्रत्येक झोक्याला खर्ची का घातला, ते उलगडून बघायला हवं. या सगळ्या चर्चेची गोम तिथेच आहे.

दांडी मागे नेताना खिटी दात्यांवरून घसरत जाते. खिटीमागची स्प्रिंग तिला दाबत असते, त्यामुळे चौकोनालाही मागे ओढ बसते. ही परतीची ओढ गोटीला मागे फिरवते, गोटी नटावरचा सगळा प्ले खाऊन दुसऱ्या बाजूला टेकते आणि मगच खिटी टक् टक् करायला लागते. पुढे येताना तोच प्ले परत भरून काढावा लागतो. प्ले आपोआप खर्च होत नाही, ओढ तो खर्च करवते.

नट अजून हाताने फिरण्याइतका सैल असेल तर याहून वाईट होतं. ओढ नटाच्या घर्षणापेक्षा जास्त झाली की नटच मागे येतो. दांडी पुढे-मागे हलत राहते, नट जागच्या जागी डुलत राहतो. अशा वेळी १२० दाते असोत की १२००, उपयोग शून्य.

उपाय अगदी साधा. दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी गोटी किंवा एक्स्टेन्शन धरून ठेवा आणि नट फिरवायच्या दिशेने हलकासा दाब ठेवा. मग परतीच्या झोक्यात गोटी मागे जात नाही, प्ले खर्च होत नाही आणि ३६ दात्यांचा रॅचेटसुद्धा १७ ऐवजी १० अंशांत चालतो. जिथे बोटं पोचत नाहीत तिथे कमी ओढ असलेला रॅचेट लागतो.

म्हणून माझं स्पष्ट मत: आधी ओढ बघा, मग दाते. कोकेन (Ko-ken) या जपानी कंपनीचे ३६ दात्यांचे रॅचेट अनुभवी हातांना आजही आवडतात, त्याचं कारण हेच. दाते कमी आहेत, पण परतीचा झोका हलका आहे.

लांबदांडी
सहमत. पण बारीक दात्यांवर ओढ कमीच असणार ना? दाता बुटका, खिटीला कमी उचलावं लागतं.

घर्षण
एका दात्यापुरतं पाहिलं तर हो, खिटी कमी उचलली जाते. पण खिटी लहान दात्यात पक्की बसावी म्हणून काही बनावटींमध्ये स्प्रिंग कडक ठेवतात, आणि दोन खिट्या असतील तर स्प्रिंगही दोन. शिवाय दर अंशाला टक्करी जास्त. त्यामुळे दात्यांच्या आकड्यावरून ओढीचा अंदाज बांधता येत नाही. हातात घेऊन चौकोन दोन बोटांनी फिरवून बघणं हाच मार्ग. कडक वंगण भरलेलं असेल तर चांगला रॅचेटही जड लागतो, ते वेगळं.

सूतभर
ओढीचं समजलं. आता ताकदीचं सांगा कोणीतरी. १२० दात्यांचा दाता म्हणजे केवढासा असेल?

पिळदार
ताकदीचं मी सांगतो. डोक्यातलं दातेरी चाक साधारण २५ मिमी व्यासाचं धरा. परीघ ७८.५ मिमी. ३६ दाते असतील तर एका दात्याच्या वाट्याला २.२ मिमी, ७२ असतील तर १.१ मिमी, १२० असतील तर ०.६५ मिमी.

आता जोर. १०० न्यूटन मीटर (हे टॉर्कचं, म्हणजे पिळण्याच्या जोराचं माप) लावायला २५० मिमीच्या दांडीवर हाताचा जोर लागतो ४०० न्यूटन, म्हणजे अंदाजे ४० किलो. पण तोच जोर १२.५ मिमी त्रिज्येच्या चाकावर खिटी-दात्यांच्या मध्ये ८००० न्यूटन होतो. जवळजवळ ८०० किलो! एवढं ओझं त्या दोन-चार मिलिमीटरच्या पोलादावर असतं.

तरीही बारीक दाते लगेच तुटत नाहीत, कारण खिटीला एकच टोक नसतं. तिच्यावरही दाते कापलेले असतात. ३६ च्या चाकात खिटीचे ३ दाते बसत असतील तर तेवढ्याच रुंदीच्या खिटीचे ७२ च्या चाकात ६ बसतील. ३ गुणिले २.२ आणि ६ गुणिले १.१, दोन्हींची बेरीज ६.६ मिमीच. तुटायला विरोध करणारं पोलाद तेवढंच आहे.

अट एकच, सहाही दाते एकाच वेळी आणि पूर्ण खोल बसले पाहिजेत. बारीक दात्यांचा रॅचेट मार खातो तो इथे. समजा कचऱ्याचा किंवा घट्ट ग्रीसचा ०.१ मिमी थर खिटीखाली आला. दात्याची खोली १ मिमी असेल तर दहावा हिस्सा गेला, पकड तरी राहते. खोली ०.३ मिमी असेल तर तिसरा हिस्सा गेला. खिटी टोकावर टेकते, जोर आला की सटकते, सटकताना टोकं घासून गोल होतात आणि पुढच्या वेळी अजून लवकर सटकते. एकदा ही साखळी सुरू झाली की थांबत नाही. सूतभर, तुमच्या ३६ वाल्याचं जे झालंय तेच, फक्त लवकर.

आणि हो, आयएसओ ३३१५ या आंतरराष्ट्रीय मानकात रॅचेटने किती टॉर्क सोसायचा ते चौकोनाच्या मापावरून ठरतं, दात्यांच्या संख्येवरून नाही. चांगल्या घडणीचा ९० दात्यांचा आणि चांगल्या घडणीचा ३६ दात्यांचा, दोघांनाही तीच परीक्षा.

गोटीवाला
यात दोन खिट्यांचा घोळ लोकांना कळत नाही, तो सांगतो.

दोन खिट्या दोन रीतींनी बसवतात. एका रीतीत दोन्ही खिट्या एकाच वेळी दात्यांत बसतात आणि जोर वाटून घेतात. या रीतीत चाकाला जितके दाते तितकेच थांबे: ८० दाते असतील तर पायरी ४.५ अंश. दुसऱ्या रीतीत खिट्या अर्ध्या दात्याने मागेपुढे असतात, आळीपाळीने बसतात. गिअररेंच या कंपनीच्या १२० एक्सपी मध्ये चाकाला दाते ६० च, पण दोन खिट्यांमुळे थांबे १२०. फायदा असा की दाता ६० च्या जाडीचा राहतो आणि पायरी ३ अंशांची मिळते. पण कोणत्याही क्षणी ओझं एकाच खिटीवर असतं हे लक्षात ठेवा.

म्हणून खोक्यावरचा १२० हा आकडा दात्यांचा आहे की थांब्यांचा, हे विचारायला हवं. आधीच्या प्रतिसादातलं ०.६५ मिमी हे खऱ्या १२० दात्यांसाठी आहे. आळीपाळीच्या रचनेत ते १.३ मिमी होईल.

पिळदार
बरोबर, ही दुरुस्ती मान्य.

आता एक्स्टेन्शनबद्दल, कारण सूतभर यांचं काम बहुतेक त्यावरच चालतं. पोलादी रॉड पिळला जातो. १० मिमी जाडीचा, २५० मिमी लांब एक्स्टेन्शन घ्या आणि ५० न्यूटन मीटर लावा. रॉड सुमारे ९ अंश पिळतो. ९ अंश! ७२ दात्यांची जवळजवळ दोन दात्यांची पायरी रॉडच्या पोटात गेली. दांडी मागे नेली की आधी हा पीळ उलगडतो, मग खिटी सुटते. पुढे आणताना आधी रॉड पुन्हा पिळतो, मग नट हलतो. घर्षण यांची बोटांची युक्ती इथे चालत नाही, कारण ५० न्यूटन मीटर बोटांनी धरून ठेवता येत नाहीत.

१० न्यूटन मीटरला हाच पीळ २ अंशांच्या आत असतो. तेव्हा बारीक दात्यांचा फायदा आटे मोकळे असताना, हलक्या जोराच्या टप्प्यात मिळतो. शेवटच्या आवळण्यात पीळ तो गिळून टाकतो. उपाय: रॉड लागेल तेवढाच लांब आणि शक्य तितका जाड. अर्धा इंची ड्राइव्हचा १३ मिमी जाडीचा २५० मिमी रॉड १०० न्यूटन मीटरलाही साडेसहा अंशच पिळतो.

उलटखिटी
हे वाचून माझ्या १६ अंशांच्या उदाहरणात बदल करावा लागेल. २५० मिमी रॉड आणि ५० न्यूटन मीटर असतील तर ७ प्ले, २ वाढीव सांध्याचे आणि ९ पीळ, मिळून १८. वाव १६. म्हणजे कुठलाच रॅचेट चालणार नाही, १२० सुद्धा.

मोजमाप
अगदी बरोबर. तिथे रॅचेट बदलून उपयोग नाही, पोचायची वाट बदलावी लागते.

वंगणदास
अवांतर: जे. जे. रिचर्डसन या व्हरमाँटमधल्या वुडस्टॉकच्या गृहस्थांना रॅचेट पान्याचं पेटंट १८६३ साली मिळालं. बटण दाबून गोटी सोडवायची सोय मात्र १०० वर्षांनंतरची, पीटर रॉबर्ट्स यांचं पेटंट १९६५ चं. तेलकट हाताने गोटी ओढून काढण्याचा त्रास ज्यांना माहीत आहे त्यांनी या माणसाला मनापासून नमस्कार करावा.

लांबदांडी
केला!

वंगणदास
आता कामाचं. पिळदार यांनी कचऱ्याच्या थराबद्दल लिहिलं, त्यावरचा इलाज सविस्तर देतो. बारीक दात्यांचा रॅचेट घेणार असाल तर ही सवय हवीच.

रॅचेटचं डोकं उघडताना मोठ्या पारदर्शक पिशवीत दोन्ही हात घालून उघडा. मागचं झाकण दोन-तीन स्क्रूंनी किंवा सर्क्लिपने धरलेलं असतं. झाकण निघताच दिशा बदलणाऱ्या खटक्यामागची बारीक स्प्रिंग आणि छर्रा उडतो. पिशवीत उडाला तर सापडतो, जमिनीवर उडाला तर गेला. काढण्याआधी खिटी कोणत्या तोंडाने बसली आहे त्याचा फोटो काढून ठेवा. बऱ्याच खिट्या उलट्याही बसतात आणि मग एकाच दिशेला पकडतात.

सगळे भाग रॉकेलमध्ये बुडवून जुन्या टूथब्रशने घासा. चाकाच्या दातांच्या मुळाशी काळा लगदा साचलेला असतो, तो लाकडी टूथपिकने काढा, सुई वापरू नका. कोरडं करा. दात्यांची टोकं उजेडात तिरकी धरून पाहा: टोकावर चकाकणारी रेघ दिसली तर झीज सुरू झाली आहे. रेघेची जागा सपाट पट्टीने घेतली असेल तर चाक आणि खिटी दोन्ही बदला. एकच बदलली तर जुना भाग नव्याला खातो.

वंगण पातळ हवं. बेअरिंगमध्ये भरतात ते नेहमीचं घट्ट ग्रीस इथे नको. ते दात्यांच्या खोबणीत ठासून बसतं, थंडीत आणखी घट्ट होतं आणि खिटी त्यावर तरंगते. पातळ ग्रीस किंवा घट्टसर तेल, तेही बोटाला लागेल इतकाच लेप. दाते वंगणाखाली बुडालेले दिसले तर जास्त झालं, पुसून काढा. ३६ दात्यांचा रॅचेट या बाबतीत खूप सहनशील आहे. माती, चिखल, रेती यांच्यात सतत काम असेल तर मी डोळे झाकून मोठ्या दात्यांचा सांगेन.

सूतभर
बिनदात्यांचेही मिळतात ना? रोलरवाले? त्यात पायरीच नाही म्हणतात.

वंगणदास
मिळतात. आत तिरक्या खोबणीत रोलर असतात, पुढे फिरवलं की रोलर पाचरीसारखे अडकतात, मागे नेलं की सुटतात. पायरी जवळजवळ शून्य आणि आवाज नाही. पण पकड सगळी घर्षणावर. आत चुकीचं ग्रीस गेलं की रोलर घसरतात, आणि दातेवाल्यासारखी टक् अशी सूचना न देता घसरतात. हलक्या कामाला उत्तम. जोर लावायच्या कामाला दातेवालाच बरा. वंगण बनवणाऱ्याने सांगितलेलंच घाला.

मोजमाप
सगळे दात्यांवर बोलतोय, पण अडचणीच्या जागेत वाव मिळवायचे इतर रस्ते जास्त परिणामकारक आहेत. दांडीची लांबी घ्या. दांडीच्या टोकाला २० मिमी जागा असेल तर २०० मिमीची दांडी ५.७ अंश फिरते, १२० मिमीची आखूड दांडी ९.५ अंश. फक्त आखूड दांडी घेतल्याने जवळजवळ चार अंश मिळाले, ७२ वरून १२० वर गेल्याच्या दुप्पट. आखूड दांडीने नटावर जोर कमी पडतो हे खरं, पण बहुतेक वेळा नट आधी लांब दांडीने ढिला करून मग आखूड लावता येते.

डोक्याची जाडीही बघा. जाड डोकं गोटीसकट आत जातच नसेल तर दाते किती हा प्रश्नच येत नाही. मान वाकणारा रॅचेट असेल तर दांडी अडथळ्याच्या वरून फिरवता येते आणि मग वाव दुप्पट-तिप्पट होतो. आणि डोकंच मावत नसेल तर रॅचेट लावलेला रिंग पाना, त्यालाही साधारण ७२ दाते असतात आणि डोकं निम्म्याहून पातळ.

लांबदांडी
हे पटलं. आता माझ्या बाजूचं एक सांगतो. जाम झालेला नट फोडायला रॅचेट वापरूच नका. ब्रेकर बार (रॅचेट नसलेली लांब दांडी) किंवा साधा टी हँडल घ्या. रॅचेटच्या दांडीत पाइप घालून लांबी वाढवणं तर अजिबात नको: ८०० किलोचं ओझं २००० किलोवर जातं आणि खिटी सटकली की सगळा जोर मूठभर अंतरावरच्या लोखंडात शिरतो. बोटांची हाडं मोडतात. झटका मारून फोडणंही तसंच, झटक्याच्या क्षणी खिटी दात्यात पूर्ण बसलेली असेलच याची खात्री नसते. खटका मधल्या स्थितीत अडकला नाही ना, तेही दरवेळी बघा.

पिळदार
टॉर्क रेंचचं (ठरवलेला टॉर्क लागला की कळवणारा पाना) कोणी लिहिलं नाही. क्लिकवाल्या टॉर्क रेंचच्या डोक्यातही रॅचेट असतो आणि तिथे दात्यांचा मुद्दा वेगळ्या कारणाने येतो. आवळताना मध्येच थांबलात की नट स्थिर होतो आणि पुन्हा हलायला जास्त जोर मागतो. नट हलायच्या आतच रेंच क्लिक करतो आणि बोल्ट खरा आवळलेलाच नसतो. म्हणून शेवटची ओढ एका दमात, न थांबता पूर्ण व्हायला हवी. तेवढा वाव नसेल तर नट पाव फेरा मागे घ्या, दांडी योग्य जागी आणा आणि मग एका ओढीत क्लिकपर्यंत या. बारीक दात्यांमुळे दांडी सुरुवातीला हव्या त्या कोनात ठेवता येते, ही खरी सोय.

सूतभर
सर्वांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे येतो. ज्या जागा डोळ्यांसमोर आहेत तिथे वाव साधारण १२ ते २० अंशांचा आहे, एक्स्टेन्शन ७५ ते १५० मिमी, जोर २५ न्यूटन मीटरच्या आत. या धाग्यावरून मला कळलं ते असं: ३६ सोडून ७२ च्या आसपास यायचं, बरोबर एक आखूड दांडी, आणि ओढ हाताने तपासून घ्यायची. ७२ आणि ९० दोन्ही समोर असतील तर काय बघून निवडू?

उलटखिटी
तुमच्या वावात ९० ला किंचित झुकतं माप देईन, वाया जाणारा तुकडा कमी म्हणून. पण ९० ची ओढ जास्त निघाली तर लगेच ७२.

घर्षण
निवडायची पद्धत अशी. सोबत एक एम८ बोल्ट आणि त्याचा नट न्या. नट तीन-चार आटे हाताने चढवा, आवळू नका. बोल्ट एका हातात घट्ट धरा, नटावर गोटी आणि रॅचेट लावा आणि गोटीला हात न लावता दांडी हळू मागे-पुढे करा. नट पुढे सरकत राहिला तर ओढ कमी आहे. मागच्या झोक्याला नट परत येत असेल तर ओढ जास्त. दोन्ही दिशांना करून बघा, कारण खटका डावीकडे आणि उजवीकडे असताना ओढ वेगवेगळी निघू शकते.

मग दांडी स्थिर धरून चौकोन बोटांनी दोन टक्करींच्या मध्ये हलवून बघा. पुढच्या टक् आधी तो मोकळा डुलत असेल तर खिटी आणि चाकातच प्ले आहे, तो अंशांच्या हिशेबात वरून मिळवावा लागेल. शेवटी कान जवळ नेऊन पूर्ण एक फेरा हळू फिरवा. प्रत्येक टक् सारखी यायला हवी. मध्येच एखादी दबकी आली किंवा गळली तर तो नग बाजूला ठेवा आणि दुसरा मागा, आकडा कितीही मोठा असो.

सूतभर
एम८ चा बोल्ट खिशात टाकला. १३ ची गोटीही नेतो, म्हणजे तिचा प्लेही तिथेच तपासता येईल.

मोजमाप
गोटी नेताय तर १०० मिमीचा एक्स्टेन्शनही न्या आणि तो लावून हीच चाचणी पुन्हा करा. तुमचं काम त्यावरच आहे.